एक पान चावून होईस्तो

माझं काम बघण्याचं आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी जी चूक केली ती किती लाजिरवाणी होती ते लक्षात येईल. मुरबाडच्या एका लहान लॅबमध्ये मी रक्त तपासते. सुई टोचायला दुसरी मुलगी आहे. माझ्यापर्यंत येते ती काचपट्टी. ती मायक्रोस्कोपखाली सरकवायची, बघायचं, आणि जे बाकीच्यांसारखं नाही ते शोधायचं. अठरा वर्षं हेच करतेय. आमच्याकडे माझ्याइतक्या वेगाने पट्ट्या कोणी संपवत नाही आणि त्या वेगाचा मला गर्व आहे. आहे म्हणावं की होता म्हणावं, ते अजून ठरलेलं नाही.

हा वेग माहेरचा. वडील कसाऱ्याला रेल्वेत होते, रुळांच्या चाव्या, म्हणजे रूळ घट्ट धरणाऱ्या पाचरी, ठोकत चालायचं काम. खांद्यावर हातोडा टाकून रोज उंबरमाळीच्या बाजूला चालत जायचे, एकेक चावी बघत. कामावर एवढे सावकाश, पण घरात सगळं टाइमावर. जेवण टाइमावर, झोप टाइमावर, पोरींचं रडणंसुद्धा पाच मिनिटांत आटपायचं. मी त्यांचं घड्याळ घेतलं, नजर घेतली नाही. धसईजवळच्या या गावात लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "हिच्या मागं वाघ लागलाय का काय गो?" मी ते आतून ऐकलं, राग आला, आणि त्या रागात भांडी आणखी भराभरा घासली.

आमच्या भाताच्या सगळ्या खाचरांत आता सुधारित बियाणं असतं. बुटकं, सरळ, लवकर हाताला येणारं. फक्त ओहोळाच्या कडेचं एक लहान खाचर सासूबाईंनी कधी कोणाला दिलं नाही. तिथे त्या जुनं भात लावतात, गरवं, म्हणजे सगळ्यांची कापणी उरकली तरी हे अजून उभंच. त्याला काही खास नाव नाही. सासूबाई त्याला नुसतं 'घरचं' म्हणतात. त्यांच्या सासूनेही तेच म्हटलं होतं. गावात पूर्वी बऱ्याच जणांकडे ते होतं, आता आमच्याशिवाय कोणाकडे नाही. माझा नवरा मुरबाडच्या एका कारखान्यात पाळीवर जातो, त्याला या खाचराचा कंटाळा. "दुकानात पिशवी मिळते, कशाला जीव काढायचा," असं तो दरवर्षी एकदा म्हणतो आणि आईने बघितलं की गप्प बसतो.

घरचं टिकवायचं तर दरवर्षी एक काम करावं लागतं. लोंब्या बाहेर पडून दाण्यात दूध भरू लागलं, की शेतात हळूहळू फिरून दुसऱ्या जातीची जी रोपं त्यात घुसलेली असतात ती मुळासकट उपटायची. खळ्यावर एखादा दाणा मिसळतो, ओहोळाच्या पाण्याबरोबर एखादा येतो. न काढले तर दोन-चार वर्षांत त्यांचंच राज्य होतं. त्या घुसलेल्या रोपांना आमच्या घरात 'पावणे' म्हणतात. हे काम सासूबाई एकट्या करायच्या आणि त्याला त्यांना दोन दोन दिवस लागायचे. एवढ्याशा खाचराला दोन दिवस! मी स्कूटरवरून जाताना त्यांना बघायची. कधी बांधावर बसलेल्या, कधी शेतात कमरेत वाकून नुसत्या उभ्या. काम चालू आहे की विसावा, ते कळायचं नाही. हॉर्न वाजवून मी पुढे जायची.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. काचबिंदू. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मधलं तेवढं राहिलं, दार किलकिलं करून बाहेर बघावं तसं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं. डोळ्यांत थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं आणि तेही मी घाईत करायची, अर्धे थेंब गालावर. तीन वर्षं त्यांनी तशाच नजरेने पावणे काढले. धड निघाले नसणार हे त्यांनाही कळत होतं, पण बोलल्या नाहीत. चौथ्या वर्षी, म्हणजे गेल्या आश्विनात, सकाळी मी डबा भरत असताना त्या म्हणाल्या, "औंदा तू काढ पावणे. माज्यानं नाय व्हायचं आता. गेलं तर घरचं जाईल, मंग कुठं सापडायचं नाय."

"रविवारी काढते," मी म्हटलं.

"बग, पावणा लपत नाय. पावणा मान वर करून असतोय, तू आलीस तवा व्हतीस तशी. आन घरचं..."

त्या हसत होत्या. मला मात्र ते लागलं. अठरा वर्षं झाली या घरात, अजून मी पावणीच का? "कळलं, कळलं," म्हणून मी डबा उचलला. स्कूटर चालू केली तरी त्या आतून काहीतरी सांगतच होत्या.

रविवारी मी सकाळी लवकर खाचरावर गेले. दुपारी शहापूरला माहेरच्या नात्यात साखरपुडा होता, त्याआधी हे उरकायचं होतं. बांधावर चप्पल काढली, साडीवरून जुना शर्ट चढवला आणि उतरले. काम सोपं होतं. बहुतेक रोपं एकसारखी, बेताच्या उंचीची, नीटस. त्यांच्यामध्ये इथे तिथे काही उंच, वेडीवाकडी, पानं पसरलेली, भांग न पाडलेल्या पोरींसारखी. सासूबाईंनी सांगितलंच होतं, पावणा मान वर करून असतो. आणि माझ्या धंद्याचा अनुभवही तेच सांगत होता, की जे थोडे असतात ते वेगळे. मी सरळ रांगा धरल्या आणि उंच रोपं उपटत सुटले. कधीच आवाज न करणाऱ्या त्या शेतात मी इतक्या जोराने काम केलं की बगळे उठून पलीकडे गेले. खरं सांगते, मला मजा येत होती. सासूबाईंचं दोन दिवसांचं काम मी दोन तासांत आणलं होतं. ओहोळाकडचा एक कोपरा राहिला तेवढ्यात साखरपुड्याचा फोन आला. एवढ्याशा कोपऱ्याने काय बिघडतंय, असं म्हणत मी उपटलेल्यांचा भारा बांधला आणि घरी येऊन म्हशीपुढे टाकला.

सासूबाई ओटीवर पाय सोडून बसल्या होत्या. "झालंसुदा?" त्यांनी विचारलं.

"झालं की." माझ्या आवाजात शेखी होती, ती त्यांना ऐकू आली असणार.

त्यांनी हात पुढे केला. "येक लोंबी दे बगू."

मी म्हशीच्या तोंडापुढची एक काडी ओढून त्यांच्या हातात दिली आणि साडी बदलायला आत वळले. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेलीच नाही. बोटांनी खालपासून वरपर्यंत चाचपली, लोंबीवरून अंगठा फिरवला, एक कोवळा दाणा दाताखाली धरला. मग दुसरा दाणा फोडला, मग तिसरा. ते बघून मी दारातून परत फिरले.

"आई, काय झालं?"

"ह्ये पावणे न्हाईत गो," त्या म्हणाल्या. "ह्यी घरची माणसं. तू घरच्यांना भायर काढलंस."

मला आधी खरंच वाटलं नाही. मी भांडले. म्हटलं, तुम्हीच म्हणालात मान वर करून असतो, मी उंच होती तीच काढली. तेव्हा त्यांनी मला ते वाक्य पुरं करून सांगितलं, जे मी स्कूटरच्या आवाजात घालवलं होतं. पावणा बुटका असला तरी त्याची लोंबी ताठ. घरचं माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच, पण दूध भरू लागलं की त्याची लोंबी आधी वाकते. मान म्हणजे लोंबी. उंची नव्हे. आणि बाकी शेतात जे नीटस, एकसारखं, भरपूर उभं होतं, ते तीन वर्षांत वाढलेले पावणे. थोडे होते ते घरचे होते.

अठरा वर्षं मी त्या भाताची भाकरी खाल्ली, पेज प्याले, बाळंतपणात तर दुसरं काही पोटात ठरत नव्हतं. पण ते शेतात उभं असताना कसं दिसतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. म्हैस रवंथ करत होती. मी तिच्या पुढ्यातून उरलेला भारा ओढून घेतला, का ते मला सांगता येणार नाही, कारण दुधात असलेला दाणा बियाण्याच्या कामाचा नसतो हे मलाही माहीत होतं. मला रडू आलं आणि रडतानाही हाताने काड्या नीट लावत होते.

"चल," सासूबाई उठल्या. "मला ने."

त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. घरापासून खाचरापर्यंत पाच मिनिटांची वाट, आम्हाला पंचवीस लागली. मला ओरडावंसं वाटत होतं. साखरपुड्याचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत, आणि न उचलल्याचाही जीवाला घोर. बांधावर पोचलो तर त्या शेतात शिरेनात. बसल्या. कनवटीची चंची सोडली, पानाला चुना लावला, तोंडात घातलं.

"आई, आता पान?"

"येक पान चावून होईस्तो बसायचं. मंग उतरायचं. मी सांगत व्हते, तू ऱ्हायली नाईस."

"बसून काय करायचं?"

"काय नाय. घरचं बगायचं. पावणे हुडकायला गेलं की पावणे दिसत न्हाईत. घरचं डोळ्यात भरलं की पावणा आपसूक टोचतो."

मी बसले. मला बसता येत नाही. पाय हलत होता, तो त्यांनी हात ठेवून थांबवला. मग त्यांनी विचारलं, राहिलं का कुठे? मी ओहोळाकडच्या कोपऱ्याचं सांगितलं. त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. "तिथं लोंब्या कशा हायत?" मी बघितलं. उंच रोपं, आणि त्यांच्या लोंब्या एका बाजूला झुकलेल्या, पाण्याकडे. साताठ चुडं, म्हणजे रोपांचे झुबके, असतील, कदाचित दहा. टोकाच्या दाण्याला केसाएवढं तांबूस कुसळ होतं, ते उन्हात दिसत होतं, आणि बुडाशी देठाला जांभळी रेघ होती. उपटताना शेकडो वेळा माझी मूठ त्या रेघेवर आवळली असणार. मला ते सुंदर वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःचा इतका संताप आला की मी परत रडले.

मी सगळं सांगितल्यावर सासूबाई पान एका गालातून दुसऱ्या गालात घेत म्हणाल्या, "बरं झालं तुला घाई व्हती. निवांत असतीस तर त्ये बी काढलं असतंस."

त्या वर्षी घरचं तांब्याभर निघालं. अक्षरशः तांब्याभर. सासूबाईंनी एकेक लोंबी हाताने चोळली, दाणे राखेत घोळवून मडक्यात घातले आणि मडकं स्वतःच्या उशाशी ठेवलं. नवऱ्याने त्या वेळी दुकानातल्या पिशवीचं नाव काढलं नाही.

यंदा तो तांब्याभर दाणा वेगळा पेरला आणि ओहोळाकडे अंगणाएवढ्या तुकड्यात लावला. सासूबाईंना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. लावणी त्यांनी बांधावरून ऐकली. तेव्हापासून माझ्यावर एक काम आलंय. लॅबला जाताना खाचराशी स्कूटर थांबवायची, एक पान चावून होईल एवढा वेळ बघायचं आणि संध्याकाळी त्यांना सांगायचं. पान मी खात नाही. लॅबच्या पिशवीत बडीशेपेची डबी असते, तिच्यातली चिमूटभर तोंडात टाकते. पण बडीशेप फार लवकर संपते, असं सासूबाईंचं म्हणणं. दोन चिमटी घे म्हणाल्या.

पहिले काही दिवस मी आल्यावर "चांगलंय" म्हणायची. एकदा त्या वैतागल्या. "रक्ताचा रिपोट नको सांगू मला. चांगलंय म्हंजे कसं चांगलंय?" रोज बघत होते, पण सांगायला घेतलं की काही हाताला लागत नव्हतं. मग हळूहळू एकेक सांगू लागले. पानाच्या कडेला दवाचे थेंब सारख्या अंतरावर असतात. खालचं पान आधी पिवळं पडतं. लोंबी अजून पोटरीत, पानाच्या वेष्टनात, असताना ते रोप बोटांत धरलं तर आत काहीतरी गुंडाळलेलं लागतं. त्या मान डोलवायच्या, कारण यातलं त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. माझी परीक्षा चालली आहे असं वाटायचं आणि त्याचीही मला चीड यायची. तिथे बसल्यावर मला शांत वाटतं असं कोणी समजू नये. मला लॅबला होणारा उशीर दिसत असतो, रस्त्यावरची एसटी गेली की मी मनात टाइम लावत असते. पण बसते. ही अंगणाएवढी जागा गेली तर माझ्यामुळे जाईल, आणि ती कशी दिसते हे ज्या एका माणसाला पुरतं माहीत आहे त्याला आता दिसत नाही. या दोन गोष्टी मला उठू देत नाहीत.

गेल्या रविवारी सुट्टी होती म्हणून उशिरा गेले, साडेदहा वाजले असतील. लोंब्या नुकत्या बाहेर पडल्या होत्या. भात फुलात असताना शेतात पाय घालायचा नाही, हा आमच्या घरचा नियम, म्हणून मी बांधावरच होते. पहिली चिमूट संपली, दुसरी टाकली, आणि माझ्यासमोर एका दाण्याचं तूस उघडलं. दोन पाकं हळूच बाजूला झाली आणि आतून फिकट पिवळसर तंतू बाहेर येऊन लोंबू लागले, सुतापेक्षा बारीक. मग शेजारचा दाणा. मग त्या लोंबीचे कितीतरी. वारा नव्हता, तरी ते हलत होते. तांदूळ धुतलेल्या पाण्याचा यावा तसा वास सगळ्या तुकड्यावर आला. मी श्वास धरून बसले होते. तासाभरात दाणे एकेक करून मिटले आणि तंतू बाहेरच राहिले. मी उठले तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या.

घरी मी पळतच गेले. सासूबाई ओटीवर होत्या. मी चप्पलही न काढता सगळं सांगितलं, उघडलं कसं, तंतू कसे आले, मिटलं कसं. नेहमीसारखी त्यांनी मान डोलवली नाही.

"उगडतं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. "तुम्हाला माहीत नाही?"

"फुलात येतं म्हंतात त्ये ठावं हाय. संध्याकाळी जायाची तवा लोंबीवर पांढरं पांढरं दिसायचं. पण उगडतं त्ये नाय बगितलं." त्यांनी कनवटीची चंची चाचपली. "त्या टायमाला मी चुलीपुडं असायची ना गो. सगळ्यांच्या भाकऱ्या."

मी हिशेब केला नाही, पण तो झालाच. त्या लग्न होऊन आल्यापासूनच्या साऱ्या आश्विनांतल्या साऱ्या सकाळी. ज्या बाईने ते भात हाताने जगवलं, तिने त्याचं फूल उघडताना एकदाही पाहिलं नव्हतं, आणि आता पाहू शकत नव्हती. "परत सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग, धावू नको." मी चप्पल काढली, त्यांच्या शेजारी बसले आणि परत सांगितलं. सांगताना दोनदा घड्याळ बघितलं, हेही खरं आहे.

पावणे काढायला अजून दहा-बारा दिवस आहेत. या वेळी चुकणार नाही असं मी म्हणत नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, फुलं उघडायच्या वेळेसाठी, मी लॅबमध्ये फोन करून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, ते घरात कोणाला सांगितलं नव्हतं. त्याआधी स्वयंपाक उरकून टाकू म्हणून गॅसवर तवा ठेवला होता. नवरा पहिल्या पाळीहून यायचा होता. पीठ मळून झालं होतं, दुसरी भाकरी थापत होते, तेवढ्यात मागे भिंतीला धरून चालण्याचा आवाज आला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. डोक्यावर पदर, कनवटीला चंची, पायांत चपला, त्याही उलटसुलट.

"ऊन कुठवर आलंय?" त्यांनी विचारलं.

"ओटीच्या पायरीवर."

"मंग ऱ्हाऊंदे त्या भाकऱ्या," त्या म्हणाल्या. "टाइम झाला."

मी गॅस बंद केला आणि पिठाचे हात तसेच पदराला पुसून त्यांना धरलं.